पास्टरचे विमान आणि आंटीचे पत्र

मार्च २०१५ मधली गोष्ट. आमच्या कचेरीत सकाळच्या चहाला आम्ही पाच-सहाजण एका टेबलाभोवती जमायचो. कोणी उंडे आणायचा, कोणी खालच्या हॉटेलातून पातळ भाजी. पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे काम माझ्याकडे. (बी.ए.ला मराठी घेतल्याचा सरकारी नोकरीत झालेला हा एकमेव उपयोग!) त्या दिवशी आतल्या पानावर अमेरिकेतली एक छोटी चौकट होती. जॉर्जिया राज्यातल्या क्रेफ्लो डॉलर नावाच्या एका पास्टरने भक्तांना आवाहन केले होते. धर्मप्रसारासाठी मला गल्फस्ट्रीम जी-६५० हे विमान हवे आहे, किंमत साडेसहा कोटी डॉलर, तेव्हा दोन लाख लोकांनी प्रत्येकी तीनशे किंवा जास्त डॉलर द्यावेत. आडनावच डॉलर! मी ती बातमी सगळ्या हावभावांसकट वाचली. आडनावावर कोटी केली. "येशू गाढवावर बसून गेला, ह्याला विमान पाहिजे" असेही वर म्हणालो. सगळे टेबल हसून हसून बेजार.

हसली नाही ती फक्त आंटी. आंटी म्हणजे आमच्या आवक-जावकच्या ज्येष्ठ कारकून. सासष्टीतल्या, कॅथलिक, निवृत्तीला दोन-अडीच वर्षे उरलेली. वयाने मला आईच्या ठिकाणी. त्यांचा एकुलता मुलगा तिशीतला, मूत्रपिंडे गेलेली, आठवड्यातून दोनदा बांबोळीला डायलिसिस. आंटीने आपली बशी उचलली आणि उठता उठता म्हणाल्या, "हांसात, हांसात. पूण म्हाका चीट ताणें बरयली. तुमचेमदलो कोण आयलो म्हज्या घरा?"

'ताणें' म्हणजे डॉलरसाहेबांनी नव्हे. तसाच एक दुसरा टीव्हीवरचा पास्टर, ज्याचा कार्यक्रम आंटी रात्री केबलवर पाहायच्या. नाव लिहीत नाही. दोन दिवसांनी मी ओशाळून त्यांच्या टेबलापाशी गेलो, तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडून ते पत्र मला दाखवले. जाड, गुळगुळीत कागद. निळ्या शाईतली सही. मजकुरात मुलाचे नाव तीन ठिकाणी. तुझ्या मुलासाठी मी रात्री गुडघे टेकून प्रार्थना केली, तू पेरलेले बी देव वाया जाऊ देणार नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा पेर, असा सारांश. आंटी दर महिन्याला त्या संस्थेच्या भारतातल्या पत्त्यावर पाचशे रुपयांचा ड्राफ्ट पाठवत होत्या.

मित्रहो, मी कारकून आहे. निवडणुकीच्या ड्युटीचे शेकडो आदेश मी मेल मर्जने काढले आहेत. मजकूर एक, नावांची यादी एक, बटण दाबले की प्रत्येकाला 'आपणांस' म्हणून वेगळे पत्र. त्या पत्रात मुलाच्या नावातले एक अक्षर चुकले होते, आणि तिन्ही ठिकाणी तेच अक्षर चुकले होते. सही छापील होती. गुडघे टेकले असतील तर प्रिंटरने. हे मला त्या क्षणी कळले, आणि मी काही बोललो नाही. "बरें आसा, आंटी" म्हणून पत्र परत दिले.

तेव्हापासून श्रीमंत पास्टरांवरच्या बातम्या मी वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. गेल्या दहा वर्षांत इंटरनेटवर पुष्कळ वाचले, पाहिले. माझी तक्रार पास्टरांविषयी आहेच, पण तिच्यात नवीन काही नाही. ह्या लेखात तक्रार आहे ती त्यांच्यावर टीका करणाऱ्या वर्तमानपत्रांविषयी आणि टीव्हीविषयी, आणि पेपर वाचून हसवणाऱ्या माझ्यासारख्यांविषयीही.

आधी एक खुलासा. गोव्यात 'पाद्र' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो इगर्जीतला विगार. त्याची बदली होते, अगदी आपल्यासारखी. घर इगर्जीचे, लग्न नाही, वारस नाही. त्याच्यावर टीका करायला जागा नसते असे नाही, पण विमान घेण्यापर्यंत त्याची मजल जाणे कठीण. हे अमेरिकन पास्टर त्या जातीचे नव्हेत. त्यांच्यावर बिशप नाही, रोम नाही. चर्च स्वतः काढलेले. कारभारी मंडळावर अनेकदा बायको, मुलगा, सून, जावई आणि स्नेही. शिकवण अशी की देव भक्ताला निरोगी आणि श्रीमंत करू इच्छितो, मात्र आधी भक्ताने श्रद्धेने पैशाचे 'बी' पेरले पाहिजे. ह्या बियाण्याच्या कल्पनेला टीव्हीवर मोठे केले ते ओक्लाहोमातल्या ओरल रॉबर्ट्सने. १९८७ च्या जानेवारीत त्याने जाहीर केले की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत तर देव आपल्याला 'घरी बोलावून घेईल'. पैसे जमले. शेवटचे तेरा लाख दिले ते फ्लोरिडातल्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या एका मालकाने! मार्चअखेर हा शब्द वाचून आम्हा सरकारी माणसांना घाम फुटतो, पण देवाचेही आर्थिक वर्ष मार्चलाच संपते हे मला ह्या प्रकरणातून कळले.

पाहिलेत? मीही पुन्हा विनोद केलाच. ह्या विषयाची गंमतच अशी आहे की तो विनोद करायला लावतो, आणि तिथेच फसवतो.

त्याच १९८७ सालचे जिम बेकरचे प्रकरण घ्या. दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट मिल इथे बेकर आणि त्याची बायको टॅमी फे ह्यांनी 'हेरिटेज यूएसए' नावाचे ख्रिस्ती मनोरंजननगर उभारले होते. हॉटेल, पाण्याच्या घसरगुंड्या, टीव्हीचा स्टुडिओ, सगळे. आज कोणाही अमेरिकन माणसाला बेकरचे नाव सांगा, त्याला दोन गोष्टी आठवतील : कुत्र्याचे वातानुकूलित घर आणि टॅमीच्या डोळ्यांवरून ओघळणारा मस्कारा. विनोदी कार्यक्रमांनी ह्या दोन गोष्टींवर वर्षानुवर्षे दिवस काढले. पण बेकर तुरुंगात गेला तो कुत्र्याच्या घरासाठी नव्हे. त्याने हजार डॉलरला 'आजीव सहभागी' करून घेण्याची योजना टीव्हीवरून विकली : हजार डॉलर द्या, आणि आयुष्यभर दरवर्षी तीन रात्री आमच्या हॉटेलात फुकट राहा. खोल्या होत्या पाचशेच्या आसपास. योजना विकली गेली हजारो हजार लोकांना. सातवी-आठवीच्या मुलालाही हे गणित सुटते. ऑक्टोबर १९८९ मध्ये चोवीस आरोपांवर तो दोषी ठरला आणि ४५ वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती पुढे बरीच कमी झाली आणि १९९४ मध्ये तो सुटला.

हे गणित मांडले कोणी? 'शार्लट ऑब्झर्व्हर' ह्या प्रादेशिक वर्तमानपत्राने. त्यांनी १९७९ मध्येच लिहिले होते की परदेशांतल्या धर्मकार्यासाठी म्हणून मागितलेला पैसा भलतीकडे वळतो आहे. त्यानंतर आठ वर्षे कोणी ना कोणी बातमीदार त्या हिशेबांमागे होता, शेवटच्या टप्प्यात चार्ल्स शेपर्ड. बेकरने टीव्हीवरून ह्या वर्तमानपत्राविरुद्धच मोहीम उघडली, भाविक वाचकांनी संतापून पत्रे लिहिली. १९८८ चे लोकसेवेचे पुलित्झर ह्या कामाला मिळाले. आता सांगा, लोकांच्या लक्षात काय राहिले? कुत्र्याचे घर. ज्याने खतावण्या वाचल्या त्याचे नाव विसरले गेले आणि ज्याने कुत्र्यावर विनोद केला तो घरोघरी पोचला.

टॅमी फेचेही तसेच. तिच्या रंगरंगोटीची एवढी टवाळी झाली, की १९८५ मध्ये ह्याच बाईने आपल्या कार्यक्रमात एड्स झालेल्या एका समलिंगी पास्टरची रडत रडत, आपुलकीने मुलाखत घेतली होती हे कित्येकांना पुढे चित्रपट आल्यावर कळले. तेव्हाच्या अमेरिकेत एड्सच्या रुग्णाला हात लावायला लोक भीत होते. हे सांगून तिने उधळलेला भक्तांचा पैसा माफ होत नाही. पण टवाळीला फक्त डोळ्यांवरचा रंग दिसला होता.

आणि आता कमोड! ही गोष्ट मला फार आवडते, कारण ह्यात मीही फसलो होतो. मिझुरीतल्या जॉइस मायर ह्या प्रवचनकार बाईंवर 'सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच' ह्या वर्तमानपत्राने २००३ मध्ये एक लेखमाला केली. संस्थेच्या मुख्यालयासाठी काय काय घेतले त्याची यादी त्यात होती, आणि यादीत संगमरवरी माथ्याचा २३,००० डॉलरचा एक 'कमोड'. झाले! देवाच्या पैशांत सोन्याचा संडास, अशी ओरड जगभर. चार वर्षांनी एका सिनेटरने पाठवलेल्या प्रश्नावलीतही हा कमोड होता. मीही वाचून 'काय ही बया' म्हटले. पुढे कळले की अमेरिकन फर्निचरवाल्यांच्या भाषेत कमोड म्हणजे खणांचे कपाट. आपल्या आजीच्या घरी असायचे तसले, पोर्तुगीज अमदानीतले 'कोमद'! शब्द आपल्या घरातच होता, आणि तरी आपण संडास म्हणून हसलो. कपाटाला २३,००० डॉलर हा खर्चही विचारण्याजोगाच आहे. पण संडासाचा विनोद एकदा झाला, की कपाटाचा प्रश्न कोण विचारतो?

तो सिनेटर म्हणजे आयोवाचा चक ग्रासली. रिपब्लिकन, स्वतः बॅप्टिस्ट, म्हणजे धर्मद्वेष्टा म्हणून उडवून लावता येण्यासारखा नव्हे. नोव्हेंबर २००७ मध्ये त्याने सहा मोठ्या टीव्ही-संस्थांना पत्रे पाठवून जमाखर्च मागितला. डॉलरसाहेब त्या सहांत होते, जॉइस मायर होत्या, टेक्सासचा केनेथ कोपलंड होता, बेनी हिन होता. मायर आणि हिन ह्यांनी बऱ्यापैकी माहिती दिली, बाकीच्या चौघांनी पुरी दिली नाही. जानेवारी २०११ मध्ये अहवाल आला. दंड नाही, कायदा नाही. चर्चांनी आपल्या आपण शिस्त लावून घ्यावी ह्या दिशेने विषय संपला. त्या पत्रांच्या दिवशी सगळ्या चॅनेलांवर विमाने आणि बंगले दिसले होते. अहवालाच्या दिवशी फारसे कोणी फिरकले नाही. अहवालात बंगला नसतो ना, परिशिष्टे असतात.

आता ह्या सगळ्याच्या बुडाशी एक अगदी कारकुनी गोष्ट आहे, आणि ती मी कोणत्याच विनोदी कार्यक्रमात नीट ऐकली नव्हती. अमेरिकेत करमुक्त धर्मादाय संस्थेला दरवर्षी ९९० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. उत्पन्न किती, पगार कोणाला किती, सगळे त्यात येते आणि कोणीही ते पाहू शकतो. 'चर्च' म्हणून गणल्या गेलेल्या संस्थेला मात्र हा फॉर्म माफ. विमान, बंगला, कमोड ह्या साऱ्या गोष्टी ह्या एका माफीच्या सावलीत वाढतात.

मी काही वर्षे एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत देवस्थानांच्या फायली सांभाळल्या आहेत. आपल्याकडची देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीज नियमावलीने चालतात हे वाचकांना माहीत आहेच. महाजन समिती निवडतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, मुखत्यार. अंदाजपत्रक आणि जमाखर्च मामलेदारापुढे यावा लागतो, कारण तो देवस्थानांचा प्रशासक. आता त्या फायलींत काय काय येते ते मी पाहिले आहे. महाजनांची भांडणे, वर्षानुवर्षे न आलेले हिशेब, तेलाच्या खर्चात दरवर्षी तंतोतंत तोच आकडा. आदर्श वगैरे काही नाही. पण एखादा चिडका महाजन उठून कचेरीत येतो आणि विचारतो, फंडपेटी कधी उघडली, कोणासमोर उघडली, पंचनामा दाखवा. हा प्रश्न विचारायला त्याला टीव्हीवर जावे लागत नाही, आणि देवस्थानवाल्यांनाही 'आमच्या धर्मावर हल्ला' असे म्हणता येत नाही, कारण विचारणारा त्यांच्यातलाच. कोपलंडच्या चर्चमध्ये असा महाजन नाही. पैसा देणारे लाखो आहेत, विचारणारा एकही नाही.

ह्याच्याशी जुळणारे एक प्रकरण आपल्या देशाशी थेट जोडलेले आहे. केरळच्या के. पी. योहन्नान ह्यांनी स्थापलेली 'गॉस्पेल फॉर एशिया' ही टेक्सासमधली संस्था अमेरिका-कॅनडातल्या लोकांकडून भारतातल्या धर्मकार्यासाठी पैसे गोळा करी. पैसा खरोखर कुठे पोचतो हे तिकडच्या देणगीदाराला कळायला मार्ग नव्हता. पण आपल्याकडे परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला केंद्र सरकारकडे विवरण भरावे लागते. तेव्हा त्याला एफसी-६ म्हणत. (नंतर तो एफसी-४ झाला. फॉर्मचे क्रमांक बदलणे हा आमच्या सरकारचा आवडता छंद.) कॅनडातल्या एका पास्टरने बसून हे भारतीय फॉर्म वाचले, आणि कॅनडातून भारतात पाठवले म्हणून सांगितलेले पैसे आपल्याला त्यात दिसत नाहीत असे त्याने मांडले. अमेरिकेतल्या काही ख्रिस्ती ब्लॉगलेखकांनी तो धागा सोडला नाही. २०१५ मध्ये तिथल्या ख्रिस्ती संस्थांच्या हिशेब-परिषदेने गॉस्पेल फॉर एशियाचे सदस्यत्व काढले. पुढे देणगीदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. आपण गैर काही केले नाही, ही संस्थेची भूमिका शेवटपर्यंत होती. मला ह्यातली मौज वेगळीच वाटते. दिल्लीतल्या कुठल्यातरी कचेरीत आमच्याच एखाद्या भाईबंदाने शिक्का मारून ठेवलेला फॉर्म, आणि तो सातासमुद्रापलीकडे एका भाविक माणसाच्या उपयोगी पडला! ह्या प्रकरणात ना सोन्याचा संडास होता, ना मस्कारा. म्हणून ते आपल्या चहाच्या टेबलावर कधी आले नाही.

टवाळी करून काय साधते, तेही पाहू. पीटर पोपॉफ नावाचा एक 'रोग बरे करणारा' होता. सभेत अनोळखी माणसाचे नाव, पत्ता, आजार दैवी प्रेरणेने सांगायचा. १९८६ मध्ये जादूगार जेम्स रँडीने शोधून काढले की पोपॉफच्या कानात रेडिओचे यंत्र आहे आणि बायको पडद्यामागून माहिती पुरवते. रँडीने त्याचे ध्वनिमुद्रण देशातल्या एका अतिशय लोकप्रिय टीव्ही-शोवर ऐकवले. ह्याहून मोठी फजिती ती कोणती? पुढच्या वर्षी पोपॉफ दिवाळखोरीत गेला. आणि काही वर्षांनी परत आला, टीव्हीवर 'चमत्काराचे पाणी' वाटत! २०१५ मध्ये कोपलंडने प्रवासी विमानात भुताखेतांबरोबर बसावे लागते अशा अर्थाचे काहीतरी म्हटले. २०१९ मध्ये एका महिला बातमीदाराने त्याला गाठून त्याचा जाब विचारला, तेव्हाचे त्याचे डोळे इंटरनेटवर करोडो लोकांनी पाहिले. त्याच वर्षी इन्स्टाग्रामवर पास्टरांच्या बुटांच्या किमती लावणारे एक पान गाजले. आणि माझा तो येशूच्या गाढवाचा विनोद? २०१८ मध्ये लुइझियानाच्या जेसी डुप्लँटिसने चौथे विमान मागताना स्वतःच सांगितले की येशू आज असता तर गाढवावर बसला नसता! आपला चावा त्यांनी च्युइंगगमसारखा चघळला.

कारण उघड आहे. जो पास्टर म्हणतो की देव भक्ताला श्रीमंत करतो, त्याची श्रीमंती हा त्याचा पुरावा आहे. त्याचे विमान दाखवून तुम्ही त्याची जाहिरातच करता. आणि तुम्ही हसलात, की तो भक्तांना सांगतो, बघा, जग आपला छळ करते. भक्तालाही ते पटते, कारण हसू त्याच्यावरच सांडलेले असते. आंटी उगाच बशी उचलून गेल्या नाहीत.

शिवाय चव आणि चोरी ह्यांत फरक करायला नको का? ह्यूस्टनचा जोएल ऑस्टीन चर्चमधून २००५ पासून पगार घेत नाही, त्याचा बंगला पुस्तकांच्या पैशांतून, असे तो सांगतो. त्याचे ते गोडगोड हसू मला मुळीच आवडत नाही. पण माझ्या नावडीला गुन्हा म्हणता येत नाही. उलट, आंटीला पत्र पाठवणारा पास्टर उद्या आपल्या कदंबाच्या बसमधून उभ्याने प्रवास करू लागला, तरी ते पत्र खोटेच.

पत्रांवर कोणी काही केले का, हे मी शोधले, तेव्हा दोन गोष्टी मिळाल्या. टेक्सासच्या रॉबर्ट टिल्टनला लोक प्रार्थनेच्या विनंत्या आणि पैसे पाठवत. १९९१ मध्ये एबीसी चॅनेलने दाखवले की पैसे काढून घेऊन त्या चिठ्ठ्या तुल्सा शहरात कचऱ्यात जात होत्या. हा कचरा उपसण्यात पुढे होती डॅलसची 'ट्रिनिटी फाउंडेशन', ओल अँथनी नावाच्या माणसाची छोटीशी ख्रिस्ती संस्था. ही माणसे ह्या वाटेला लागली ती विमान पाहून नव्हे. बेघर लोकांना घरात ठेवून घेताना त्यांना कळले की ह्यांतल्या काहींनी शेवटची पुंजी टीव्हीवरच्या पास्टरला पाठवली होती.

दुसरी गोष्ट ऑगस्ट २०१५ मधली, म्हणजे आमच्या चहाच्या टेबलानंतर पाचच महिन्यांनी. जॉन ऑलिव्हर ह्या विनोदी कार्यक्रमवाल्याने त्याच टिल्टनला वीस डॉलर पाठवून पत्रव्यवहार सुरू केला होता. सात महिन्यांत २६ पत्रे आली, ३१९ डॉलर गेले. एका पत्रातून तेलाच्या पुड्या आल्या, एकात पास्टरच्या पावलाचा ठसा. प्रत्येक पत्राच्या शेवटी आणखी पैसे. मग ऑलिव्हरने स्वतःचेच एक चर्च कायदेशीरपणे स्थापून ते किती सोपे आहे ते दाखवले, आणि महिन्याभरात बंद करून जमलेले पैसे डॉक्टरांच्या एका सेवाभावी संस्थेला देऊन टाकले. विनोदी माणूस, पण त्याने विमानाबरोबर पत्रही दाखवले. ती चित्रफीत मी रात्री एकट्याने पाहिली. सव्विसाव्या पत्रापर्यंत येता येता मला हसू येईनासे झाले होते.

आपल्या मराठी वर्तमानपत्रांत अशा पास्टरांची चौकट हौसेने छापली जाते. तो ख्रिस्ती, अमेरिकन आणि दूरचा, तिन्ही बाजूंनी सोयीचा. त्याच अंकात राशिभविष्याशेजारी पुत्रप्राप्ती, कर्जमुक्ती, वशीकरण २४ तासांत करून देणाऱ्यांच्या जाहिराती असतात, आणि त्यांचे पैसे भरल्याची पावती वर्तमानपत्राच्या कचेरीत असते. त्यांना बी पेरणारी बाई ह्याच पानांवर आपला फोन नंबर शोधते. मी चहाला त्या जाहिराती कधी वाचून दाखवल्या नाहीत. टेबलावर कोणाकोणाच्या बोटांत अंगठ्या होत्या, हे मला ठाऊक होते.

आंटीच्या घरी मी त्या मार्चमध्येच गेलो. मुलाशी तासभर फुटबॉलवर बोललो. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी जात राहिलो. पत्राविषयी मात्र तोंड उघडले नाही. तेलाच्या पुड्यांची चित्रफीत पाहिल्यानंतरही नाही. दर महिन्याला जाणारे पाचशे रुपये मला दिसत होते आणि मी ठरवले होते की ते औषध आहे असे समजावे. बरोबर केले का, मला अजून सांगता येत नाही.

मुलगा २०१६ च्या पावसाळ्यात गेला. महिन्याच्या मिसानंतर थोड्याच दिवसांनी आंटी माझ्या टेबलापाशी आल्या आणि एक लिफाफा पुढे ठेवला. तोच जाड कागद, तीच निळी सही. तुझ्या मुलाच्या प्रकृतीत ह्या महिन्यात मोठा पालट होणार आहे असे देवाने मला दाखवले आहे, त्यासाठी खास बी पेर. नावातले अक्षर अजून चुकलेलेच.

"तांकां कोणें सांगूंक ना, बाबा?" आंटीने विचारले.

मग मी सांगितले. मेल मर्ज म्हणजे काय ते संगणकावर करूनही दाखवले. दोन खोटी नावे घातली, बटण दाबले, दोन पत्रे निघाली. आंटीने दोन्ही पत्रे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. रडल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांना एक अर्ज लिही. मी सरकारी थाटाचा अर्ज लिहिला : सदर व्यक्ती अमुक तारखेस मयत झाली असून आपल्या यादीतून नाव कमी करावे ही विनंती, सोबत दाखल्याची प्रत. आंटीने सही केली. रजिस्टर पोस्टाने पाठवला आणि पावती त्यांच्याकडे दिली.

पत्रे पुढे पाच महिने येत होती.